अकरा मिनिटांचं पाणी

खलफानला कुणी विचारलं, बाबा रे, तू नोकरी काय करतोस, तर तो म्हणायचा, "घड्याळं लावतो." लोक हसत. नोकरीला बारा वर्षं झाली होती आणि त्याला स्वतःला आता काही हसू येत नव्हतं.

निझ्वा शहरातल्या पाटपाण्याच्या कार्यालयात एक मोठा सर्व्हर होता आणि त्याच्या पोटात चाळीस यंत्रं. खरी नव्हेत, आभासी. प्रत्येकाला वाटायचं आपण स्वतंत्र, पण एकालाही स्वतःचं घड्याळ नाही. सर्व्हरने झोपवलं की झोपायचं, उठवलं की उठायचं, आणि मधे किती वेळ गेला हे दुसऱ्याला विचारायचं. जराशी डुलकी लागली की घड्याळ मागे पडलंच. असं एकेक यंत्र एकेका गावच्या फलजची, म्हणजे डोंगरातून आणलेल्या पाटाची, दारं सांभाळायचं. कुणाचं पाणी अर्धा तास, कुणाचं पाऊण तास, आणि बारी आठ दिवसांनी. पूर्वी पाटकरी काठीची सावली बघून वेळ मोजायचे. आता दार आपोआप उघडायचं नि आपोआप पडायचं, आणि कुठे एक मिनिट इकडचं तिकडे झालं की सगळे खलफानच्या नावाने शंख करायचे.

त्या गुरुवारी सिद्रा गावच्या झुवैनाचा फोन आला.

"पोरा, माझं पाणी कापलं जातंय."

"उम्म सुहैल, इथं पूर्ण अर्धा तास दिसतोय. साडेसहा ते सात." तिला सगळे उम्म सुहैल, म्हणजे सुहैलची आई, म्हणूनच हाक मारत.

"तुझ्या तिथं दिसत असेल. माझ्या सोळा खजुरांची सोळा आळी, त्यातली दहा भरतात. उरलेली सहा काय तुझ्या कॉम्प्युटरला बांधू?"

सकाळपासूनचा हा सातवा फोन होता.

"हे बघ," तिचा आवाज उतरला, "नवरा गेल्यापासून ही बागच आहे मला. या उन्हाळ्यात झाडं वाळली की सुहैल मला मस्कतला नेणार. सातव्या मजल्यावर. तिथं मी काय करू, गाड्या मोजू?"

खलफानने सिद्राचं यंत्र तपासलं आणि दोष लगेच सापडला. यंत्राला दोन ठिकाणांहून वेळ मिळत होती. सर्व्हर पुढे ढकलत होता आणि मस्कतचं मुख्य घड्याळ मागे ओढत होतं. दोन सासवांच्या हाताखालची सून, करणार काय बिचारी! त्याने एक सासू बंद केली. आठवडाभर नजर ठेवली, तर सेकंदाचा शंभरावा भागही हलला नाही. "सुटलो एकदाचा," तो बायकोला, शम्साला म्हणाला.

तरी पुढच्या बारीला, शुक्रवारची सुट्टी असून, तो पहाटेच गाडी काढून सिद्राला गेला. तो सातवा मजला काही त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

झुवैना कुदळ घेऊन तयार होती. गावचा जुना पाटकरी झहरान सावलीच्या दगडापाशी बसला होता. सोबत कॉफीचा थर्मास, आणि चेहऱ्यावर आठ्या.

"आलास का, घड्याळवाल्या? चाळीस वर्षं मी काठीच्या सावलीवर पाणी वाटलं. कुणाला मस्कतला जावं लागलं नाही."

"बाबा, आज बसू द्या निवांत," खलफान म्हणाला. त्याने बांधावर लॅपटॉप उघडला, मोबाइल हातात धरला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं. तिन्ही एकसारखी होती.

बरोबर साडेसहाला लोखंडी दार उचललं गेलं. पाणी आत आलं, थंडगार, सोबत डोंगरातली बारीक वाळू घेऊन. झुवैनाने पहिलं आळं भरलं, तोंड बुजवलं, दुसरं फोडलं. ओल्या मातीचा वास सुटला. सहा अठ्ठेचाळीसला ती दहाव्या आळ्यावर होती. झहरानने थर्मासमधून कॉफी ओतून छोटी वाटी पुढे केली. चटका बसला म्हणून खलफानने ती बांधावर ठेवली.

खट्ट!

दार पडलं होतं.

लॅपटॉपवर सात वाजले होते. मोबाइलवर सात. मनगटावरही सातच.

"इकडे ये," झहरान म्हणाला. त्याच्या आवाजातला चेष्टेखोरपणा पार गेला होता. काठीची सावली सातच्या रेघेवर पडली होती. ती सरकताना त्याने पाहिली नव्हती, आणि कॉफी ओतली तेवढं सोडलं तर त्याने दगडावरून नजर हलवली नव्हती.

बांधावरच्या कॉफीतून अजून तशीच वाफ निघत होती.

खलफानच्या मोबाइलवर शम्साचे तीन फोन येऊन गेलेले दिसत होते. सहा पन्नास, सहा त्रेपन्न, सहा अठ्ठावन्न. फोन सारा वेळ त्याच्या हातात होता. वाजला नव्हता.

"दर वेळी असंच होतं?"

"दर वेळी," झुवैना म्हणाली. तिने उरलेल्या सहा कोरड्या आळ्यांकडे पाहिलं आणि कुदळ खाली ठेवली. "कुणीतरी खातंय माझं पाणी."

झहरान दाढी कुरवाळत राहिला. "वर कुणाला सांगू नकोस. तुलाच वेड्यात काढतील."

खलफानला खरं तर भीती वाटायला हवी होती. वाटला तो नुसता शीण. जगातलं काहीही बिघडो, निस्तरायला आपण आहोतच!

रविवारी कार्यालयात त्याने आपल्या धंद्यात कधीच करू नये ती गोष्ट केली. पुढच्या बारीपासून दर वेळी सहा एकोणपन्नास झाले की सिद्राच्या यंत्राने अकरा मिनिटं झोपून राहावं, असा हुकूम लिहून ठेवला. यंत्र झोपलं की त्याचं घड्याळ थांबेल आणि दार सात अकरापर्यंत उघडंच राहील. मागे पडलेलं घड्याळ मग दिवसभरात हळूहळू पुढे आणायचं. बाकीच्या प्रत्येक शेतकऱ्याचे चौदा-पंधरा सेकंद जातील, कुणाच्या बापाला कळणार नाही.

बारीचा शनिवार उजाडला. खलफान घरीच होता. पावणेसातला तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिला.

मग त्याची लेक रय्या त्याची बाही ओढून रडत होती. शम्सा ओल्या हाताने त्याच्या गालावर थापट्या मारत होती.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"मला विचारतोस? कधीच्या हाका मारतोय आम्ही! अबू रय्या, पापणीसुद्धा लवत नव्हती तुझी!"

भिंतीवर सात वाजले होते.

फोन वाजला. झुवैना होती, आणि आनंद तिच्या आवाजात मावत नव्हता.

"भरली रे पोरा, सोळाच्या सोळा भरली! अल्लाह तुला सुखात ठेवो. पण हे काय वागणं? आलास तर चार शब्द बोलायचंस तरी. पाटाच्या दाराशी नुसता उभा राहिलास. मी हाका मारतेय, झहरान हाका मारतोय, तुझं लक्षच नाही. कॉफी आणायला वळले तर तू गायब!"

"घाई होती, उम्म सुहैल," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्याने लॅपटॉप उघडून नोंदी पाहिल्या. यंत्र झोपलंच नव्हतं. त्याचा हुकूम तसाच पडून होता, न पाळलेला. घड्याळ सकाळभर अचूक चाललं होतं. दार बरोबर सातला पडलं होतं. कुणाचाही एक सेकंद कापला गेला नव्हता.

हुकूम पुसून टाकायला त्याने बोट पुढे नेलं. बराच वेळ ते तसंच राहिलं. सोळा झाडं होती. दर आठ दिवसांनी अकरा मिनिटं. एवढी तर मीटिंगमध्येच जातात, तो स्वतःशी म्हणाला, आणि हुकूम तसाच ठेवून त्याने लॅपटॉप मिटला.

मग त्याने कॅलेंडर पाहिलं. पुढची बारी रविवारी होती. शाळेच्या दिवशी सहा एकोणपन्नासला तो मोठ्या रस्त्यावर असायचा, हातात स्टिअरिंग, मागच्या सीटवर रय्या.

"शम्सा," तो म्हणाला, "त्या रविवारी रय्याला शाळेत तू सोड."

"का? तू काय करणार आहेस?"

खलफानने एक खुर्ची उचलली, शेगडीपासून लांब नेली आणि भिंतीला टेकवून ठेवली. कलंडत नाही ना, हे हलवून पाहिलं.

"बसणार आहे," तो म्हणाला.