शेवाळी रंगाचा कॉम्प्युटर

"सकाळपासून मिनतवाऱ्या करतोय, आणि तुझं आपलं तोंड वाकडं ते वाकडंच. नको फिरूस, जा. माझं काय अडलंय?"

कुरकुर टेबलाखालून येत होती, अगदी पायाशी. तळघरातल्या दुकानात उतरणारी ती तरुणी शेवटच्या पायरीवर थबकली. कुणाच्या तरी घरगुती भांडणात पाय पडला असं वाटून ती हळूच मागे वळणार, तोच टेबलाखालून एक तरुण निघाला. कपाळावर धुळीचा पट्टा आणि हातात कॉम्प्युटरचा एक जुना पंखा. त्याच्या मागोमाग कोण निघतंय म्हणून तिनं वाकून पाहिलं. खाली कुणीच नव्हतं.

"पंख्याला म्हणत होतो," तो ओशाळून म्हणाला. "तुम्हाला नाही."

"बरं झालं. मी खरंच परत फिरणार होते."

तो हसला, आणि धुळीचा पट्टा भुवयांसकट वर गेला. दुकानात सगळे त्याला डॉक्टर म्हणत, कारण मेलेली मशीनं तो उठवायचा. टेबलापलीकडे चष्मा लावून बसलेले काका म्हणजे दुकानाचे मालक, आणि बिलं करणाऱ्या आत्या त्यांच्या बहीण. एवढंच काय ते दुकान. वर रस्ता, खाली ही लांबट, दमट खोली. हिनं कोपऱ्यात आपली पिवळी छत्री निथळत ठेवली आणि कामाचं सांगितलं.

लहान मुलांच्या गोष्टींची हलती चित्रं करून ती पोट भरायची. जुन्या लॅपटॉपनं मान टाकली होती. पैसे बेताचे, त्यातच भाग निवडून कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा होता. आणि तो सगळा एका रंगाचा हवा होता, निदान एवढी तरी हौस. घरून पांढरा ठरवून आली होती.

"रंग कुठला?" डॉक्टरनं विचारलं.

"शेवाळी," ती म्हणाली.

म्हणाली, आणि स्वतःच चपापली. शेवाळी? हा रंग तिच्या ओढणीत नव्हता, घरात नव्हता, मनात तर कधीच आला नव्हता. जिभेवर कुणीतरी आयता ठेवून गेल्यासारखा तो शब्द बाहेर पडला होता. पण खरी गंमत पुढंच. काकांनी नुकताच पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. आत्या चहा टाकायला उठल्या. आणि मघाच्या चहाचे कप तर अजून वाफाळत होते.

बसायला एकच स्टूल रिकामं होतं. ती विचारून बसली.

"बसा, बसा," आत्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "ती बाहेर गेलीय."

स्टुलाच्या खालच्या दांडीवर दोन पावलांच्या झिजलेल्या खुणा होत्या. हिची पावलं बरोब्बर त्यांत बसली.

शेवाळी कुठं मिळत नाही, डॉक्टरनं समजावलं. बाजारात काळं, पांढरं, फार तर गुलाबी. मग तो एकेक भाग पुढ्यात मांडत गेला. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं चालेल, तो स्वतः तपासून देईल. रॅम पुढं वाढवता येते. पण रंगाच्या नादानं पॉवर सप्लायवर हात आखडता घेऊ नका. दिसत नाही तो कुणाला, पण सगळं त्याच्याच जिवावर चालतं.

"माणसांचंही असंच का?" तिनं विचारलं. "न दिसणाऱ्याच्या जिवावर?"

तिला थट्टा करायची होती. तो मात्र क्षणभर असा पाहत राहिला, की तिनंच नजर छत्रीकडे वळवली.

पुढच्या खेपेला टेबलावर तीन पंखे होते. शेवाळी. जुन्या विहिरीच्या काठासारखे, आत कुठंतरी ओल असावी तसे. वायर कशालाच जोडलेली नव्हती, तरी मधल्या पंख्याची पाती सावकाश फिरत होती. वारा असेल, डॉक्टर म्हणाला. तळघराला खिडकी नव्हती.

त्यानंतर सगळे भाग ज्यात बसतात ते कॅबिनेट आलं. मग वायरींचा जुडगा, वेणीसारखा घट्ट विणलेला. सगळं त्याच रंगाचं, वापरात न आलेलं आणि तिला परवडेल अशा किमतीचं. आणि दर वेळी डॉक्टरचा चेहरा तिच्याइतकाच चकित. भीती वाटावी ती याचीच. कुठून आलं म्हणून विचारलं की तो काकांकडे पाही, काका आत्यांकडे, आत्या भिंतीकडे.

हाच रात्रंदिवस बसून रंगवत असणार, असा तिनं तर्क बांधला. एके दिवशी धीर करून म्हणाली, "हात बघू."

"भविष्य सांगता?"

"नखं बघते."

नखांत रंगाचा कण नव्हता. हात गरम होता. तो त्यानं लगेच मागे घेतला नाही, आणि खरं सांगायचं तर तिनंही सोडला नाही.

"डॉक्टर... सगळीच मेलेली मशीनं उठवता येतात?"

"नाही," तो म्हणाला, आणि मग हात मागे घेतला.

आत्या तिला बिनसाखरेचा चहा देऊ लागल्या. ती तसाच पिते, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. एका भुरभुरत्या दुपारी ती पायऱ्या उतरत असताना आतून आत्यांची हाक आली, "छकुले, भिजलीस का ग?" आणि तिनं "नाही ग" म्हणून टाकलं, जन्मभर त्याच हाकेला ओ देत आल्यासारखं. दोघीही तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

घरी थोरल्या बहिणीला सांगायला गेली, तर ती म्हणाली, स्वस्तात मिळतंय ना, मग घे की मुकाट्यानं. आता तिला कसं समजवायचं? भाग निवडायला गेले होते मी, आणि तिथं मलाच कुठल्यातरी जुन्या खाचेत बसवून बघताहेत. बसतेय का, किती बसतेय. पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकायचं नाही, असं ती रोज ठरवायची. पण तो आवडत होता. सगळी पंचाईत तिथंच होती.

शेवटी जोडणीचा दिवस आला. त्या सकाळी टेबलावर शेवाळी कीबोर्ड येऊन पडला होता. त्यातलं एक बटण नव्हतं. डॉक्टर मान खाली घालून स्क्रू आवळत गेला. त्या दुकानाची एक रीत होती: मशीन पहिल्यांदा चालू करायचं ते गिऱ्हाइकाच्याच बोटानं, म्हणजे ते त्याचं होतं. तिनं बोट पुढं केलं.

बोट पोचायच्या आधीच पंखे फिरू लागले. आतला शेवाळी उजेड वाढला, मावळला, पुन्हा वाढला... कुणीतरी झोपेत श्वास घेतंय तसा.

तिनं बोट मागे ओढलं. "हे कुणाचं आहे?"

मग काकांनी घसा खाकरला. कॅबिनेट त्यांनी माळ्यावर लपवलं होतं, आत्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. त्यांनीच ते गुपचूप टेबलावर आणून ठेवलं. आत्या चमकल्या. वायरी त्यांनी चहाच्या डब्यांमागे दडवल्या होत्या, भावाला त्रास नको म्हणून. पंखे टेबलाखाली डॉक्टरनं जपले होते, दोघांपासूनही. तिघांनीही आपापली वस्तू हिच्यासाठी बाहेर काढली होती, आणि बाकीच्या आपोआप येताहेत असं समजून तिघंही मनातून टरकले होते.

"माझ्या मुलीनं रंगवलंय सगळं," काका म्हणाले. "पैसे साठवून एकेक आणायची. तिचं आणि डॉक्टरचं लग्न ठरलं होतं."

"आणि कीबोर्ड?" तिनं विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कीबोर्ड कुणीच ठेवला नव्हता.

छत्री उचलून ती पायरीशी गेली, पण तिथंच थांबली. "मला पांढरा हवा होता," ती म्हणाली. "ज्या जागेवर मला बसवताय, ती रिकामी झालीय का, तेवढं तरी सांगा."

डॉक्टरनं खिशातून काहीतरी काढून त्या कीबोर्डच्या रिकाम्या जागेवर दाबलं. टक्. एक बटण, पिवळंधमक, तिच्या छत्रीच्या रंगाचं. ते तिथं असं चपखल बसलं, की ती जागा कुणीतरी मुद्दाम सोडली असावी. पंखे हळूहळू शांत झाले.

"हे आपोआप आलेलं नाही," तो म्हणाला. "मी आणलंय. छत्री पहिल्यांदा पाहिली तेव्हापासून खिशात आहे. मला तू..."

त्यानं काकांकडे पाहिलं, मग स्टुलाकडे.

"आणि ती?" तिनं हलकेच विचारलं.

"ती... बाहेर..."

आत्यांनी भिंतीवरची नजर काढली. काकांनी चष्मा उतरवला, आणि या खेपेला तो पुसला नाही.

"बाहेर गेलेली नाही," ते डॉक्टरकडे वळून म्हणाले. "मेली ती. माझी मुलगी मेली, बाळा. आता तू बोल."