मचाणाचं दार

फोन खाली ठेव, आल्फी. तूसुद्धा, जोडी. उद्यापासून तुम्ही बचाव बोटीवर येणार, नारिंगी जाकिटं घालून फोटो काढून झाले, झकास. आता मी सांगतो ते ऐका. हे कुठल्या नियमपुस्तकात सापडायचं नाही, आणि ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

माझा भाचा डंकन. धाकट्या बहिणीचा मुलगा, शहरात वाढलेला. सहा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी तो आणि त्याची बायको मेरिअल आपल्या गल्सी बेटावर दोन रात्री राहायला आले. विनीच्या गेस्टहाउसात वरची खोली घेतली. आदल्या वर्षी त्यांचं बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हापासून दोघं एका घरात एकमेकांना चुकवत फिरायची. डंकन मला फोनवर म्हणाला होता, "मामा, तिथं तरी ती माझ्याशी बोलेल. नाहीतर संपलंच बघ आमचं."

आणि बोलली की! शनिवारी दोघं वाऱ्यात किनाराभर हिंडली, सील बघितले, खेकड्याची सँडविचं खाल्ली. रविवारी दुपारी डंकन आईसाठी धुरी दिलेले मासे न्यायला माझ्याकडे आला, तेव्हा त्याचं तोंड बघून मला राहवेना.

"काय रे, लग्न कालच झालं वाटतं तुझं?"

"गप बसा हो मामा!" मेरिअल गाडीतूनच ओरडली. पण तीही हसत होती.

"निघणार कधी?"

"सहापर्यंत रस्ता मोकळा आहे. घाई नाही."

टीव्हीवर मॅच रंगात आली होती. मी नुसती मान हलवली. गाढव कुठला मी!

रस्त्याच्या तोंडाशी फलकावर पाच लिहिलं होतं. पाचनंतर पलीकडच्या किनाऱ्याला जायचा रस्ता भरतीखाली. पण लहानपणी मीच त्याला शिकवलेलं, की छापील तक्ता हिवाळी वेळेचा असतो, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा. आणि त्याच पहाटे घड्याळं तासभर मागं गेली होती. हिवाळी वेळ सुरू झाली होती, मिळवायचा तास संपला होता. विनीनं सांगितलं, "डंकन, फलकावरचं खरं मान." तर हा म्हणे, "विनीमावशी, मला नका शिकवू. माझी आई इथलीच आहे."

पावणेसहाला निघाले. मिट्ट काळोख. अर्ध्या रस्त्यात पाणी बॉनेटवर आलं आणि गाडी बंद पडली. फोन भिजून मेले. कमरेइतक्या पाण्यातून मेरिअलला ओढत डंकन कसाबसा रस्त्याकडेच्या मचाणाशी पोहोचला. मचाण तुमच्या रोजच्या बघण्यातलं. खांबांवरची लाकडी खोली, एक शिडी, एक बाकडं. त्या दाराला कडी का नाही, हे कधी विचारलंत? कशाला विचाराल!

माझ्या बापाच्या तरुणपणी चौघे खेकडेवाले असेच अडकले. तिघे वर चढले आणि कडी लावून बसले. जागा नाही म्हणाले. चौथा बाहेरून दार ठोकत राहिला. किती वेळ, ते त्या तिघांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. त्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. मग गावानं कडी उपटून फेकली. तेव्हापासून आपला माणूस मचाणावर अडकला की पाणी उतरेपर्यंत दार उघडं ठेवतो. मधूनमधून हात खाली सोडायचा आणि म्हणायचं, "धर, वर ये." कुणी धरला तर ओढायचं. कोण म्हणून विचारायचं नाही.

डंकनला हे आईनं सांगितलेलं. त्यानं शनिवारी मेरिअललाही सांगितलं, हसतहसत. पण आता ती गारठून निळी पडली होती आणि वारा नुसता आत घुसत होता. त्यानं दार ओढून घेतलं. कमरेचा पट्टा काढून आतल्या दांड्याला करकचून बांधला. "झालं," म्हणाला. "आता आपण दोघंच."

सहा वाजून दहा मिनिटं. मेरिअलनं घड्याळ बघितलं होतं.

दारावर थाप पडली.

"डंकन, कुणीतरी आहे!"

"कुणी नाही. आपल्यामागं एकही गाडी नव्हती. मी बघितलंय."

"अरे, माणूस ठोकतोय! उघड!"

त्यानं दाराला पाठ लावली. थापा वाढल्या. मग थापा राहिल्या नाहीत, घाव झाले. खोली खांबांवर हलायला लागली. मेरिअल पट्ट्याकडे झेपावली. त्यानं तिला ढकललं. ती परत आली. त्यानं तिच्या तोंडावर ठोसा मारला. नऊ वर्षांत ज्यानं आवाज चढवला नव्हता, त्यानं! ओठ फाटला, दात तुटून तिच्या जिभेवर आला.

"मरू दे त्याला!" डंकन किंचाळला. "इथं जागा नाही!"

ठोकणं थांबलं.

मग दारापाशी तळाची फळी फुटली. आत एक हात आला. डंकननं बुटाची टाच घातली त्यावर. पुन्हा घातली. पुन्हा. हाडं मोडलेली मेरिअलला ऐकू आली. हात मागं गेला नाही...

त्यानं डंकनचा घोटा धरला.

भोक वीतभर. पाय गुडघ्यापर्यंत गेला. ओढलं. मांडी गेली. फळीच्या कडांनी कातडं सोलून निघालं. मेरिअलनं त्याला काखेतून धरलं, दोन्ही पाय भिंतीला लावले.

"सोडू नको... मेरी... सोडू..."

दुसरी फळी गेली. तिसरी. रक्तानं हात निसरडे झाले होते...

खाली पाणी वाजलं. एकदाच.

मग काही नाही.

तिनं पट्टा सोडला. दार उघडलं. पालथी पडून हात खाली सोडला. "धर, वर ये... डंकन, धर ना रे..."

एकदा. दोनदा.

तिसऱ्यांदा कुणीतरी धरला.

बर्फासारखा गार हात. जड. तिनं जीव खाऊन ओढलं. ते वर आलं. बाकड्यावर तिच्याशेजारी बसलं. अंधारात काही दिसत नव्हतं, पण तिनं हात सोडला नाही. ती बोलत राहिली. बाळाबद्दल बोलली. त्याचं नाव काय ठेवायचं ठरवलं होतं, ते सांगितलं. वर्षभर तोंड फिरवलं म्हणून माफी मागितली. तो काही बोलला नाही, पण मधूनमधून हात दाबायचा, म्हणाली.

इकडे विनीला खिडकीतून पाण्याखाली दोन दिवे दिसले, गाडीचे. तिनं आम्हाला फोन केला. लाटा अंगावर घेत मचाणाशी पोहोचेपर्यंत सव्वासात झाले. शिडी मी चढलो. टॉर्च मारला. फुटलेल्या फळ्या, रक्त, आणि बाकड्यावर मेरिअल. एकटी. ओठ सुजलेला, उजवी मूठ घट्ट मिटलेली.

"मामा, आलात! बघा, मी याला सोडलं नाही."

मी टॉर्च सगळीकडे फिरवला. खोली ती केवढीशी... तिला घोंगडीत गुंडाळून खाली उतरवलं. वाटेत तिनं मला हे सगळं सांगितलं, जसंच्या तसं.

डंकन आम्हाला पहाटे ओहोटीला सापडला, खांबापाशी. पाय मांडीपासून सोललेला. बहिणीनं बघायच्या आत मीच त्याला झाकला. हात छातीवर ठेवताना बोटं बघितली. दहाही धड होती. खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

तिथून मी दवाखान्यात गेलो. मेरिअलची मूठ अजून उघडत नव्हती. दोन नर्सनी इंजेक्शन देऊन एकेक बोट सोडवलं. मी शेजारी उभा होतो, हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

तळव्यात पाच नखं होती. मुळासकट उपटलेली. जाड, पिवळी, कडांना शेवाळ धरलेलं.

नर्सनं ती ट्रेमध्ये ठेवली. मेरिअलनं ट्रेकडे बघितलं. मग माझी बाही धरली.

"मामा," म्हणाली, "बाळाचं नाव मी कुणाला सांगितलं?"