पाटीशी लागलेलं लग्न

हे घडलेलं आहे. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं आणि ती अजून जिवंत आहे. ज्यांना भुताच्या गोष्टीत रात्र आणि कुत्र्याचं रडणं लागतं, त्यांनी इथेच थांबावं. ही भर दुपारची गोष्ट आहे.

९ नोव्हेंबर २००४. सव्वादोन वाजले होते. चीनच्या चच्यांग प्रांतात, डोंगरातल्या चित्रनगरीत साठ माणसांसमोर हे झालं.

बहिणीचं नाव शी लियेन. तेव्हा सव्वीस वर्षांची. काम डुप्लिकेटचं. म्हणजे उड्या हिच्या, मोडलेली हाडं हिची, आणि चेहरा हिरॉईनचा.

सिनेमा तलवारबाजीचा होता. नायिकेचा ठरलेला नवरा लढाईत मरतो. तिचा जीव असतो त्याच्या जिवलग मित्रावर. पण घराण्याने शब्द दिलेला. म्हणून ती मेलेल्याच्या नामपाटीशी, म्हणजे पूर्वजांच्या देवळात त्याच्या आत्म्याची जागा म्हणून ठेवतात त्या लाकडी पाटीशी, लग्न लावते आणि मित्राकडे पाठ फिरवते. याला अब्रू म्हणायचं. घराण्याची अब्रू आणि बाईचा बळी, हे आमच्याकडे फार जुनं आहे, आणि लोक रुमाल ओले करून ते बघतात.

हिरॉईनच्या आईने साफ सांगितलं, माझी मुलगी मेलेल्याच्या पाटीपुढे नवरी म्हणून वाकणार नाही, खोटंखोटंसुद्धा नाही. मग लियेनला नवरीचा लाल पोशाख चढवला आणि कॅमेरा तिच्या पाठीमागे लावला. तिच्या आईला कुणी विचारलं नाही. त्या साठांत एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

लियेनचं खरं लग्न जानेवारीत होतं. कुआनशी. तो तारेवरचा माणूस. उडी मारणाऱ्याच्या कमरेच्या तारेचा दोर खाली चारपाच जण ओढतात, त्यांतला पहिला.

दुपारी सव्वादोनला ती वाकली. पहिल्यांदा आभाळ-धरतीला. दुसऱ्यांदा पूर्वजांना. तिसऱ्यांदा नवरा-बायको एकमेकांसमोर वाकतात. समोर चौरंगावर फक्त लाकडी पाटी.

ती वाकली...

टक्.

लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज. आवाजवाल्याने कानावरचे हेडफोन काढले आणि विचारलं, चौरंगाला कोण धडकलं? चौरंगाजवळ कुणी नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला, छान झालं, पुढे चला.

चार वाजता पुलावरची उडी होती. कुआन आणि बाकीच्यांनी दोर ओढला. लियेन हातभर वर गेली आणि थांबली.

"काय गं, दगड जेवलीस का?" खालून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

कुआन हसला नाही. त्याच्या पायांच्या टाचा मातीत रुतल्या होत्या.

"शेहेचाळीस किलो आहे ती," तो म्हणाला. "माझ्या हाताला ठाऊक आहे. ही दोन माणसं आहेत."

अधांतरी लटकलेल्या लियेनला तेव्हा जाणवलं... कमरेचा पट्टा वर होता. आणि त्याच्या खाली, पोटाशी, आणखी काहीतरी घट्ट आवळलेलं होतं.

थंड. बोटं असलेलं.

त्याच क्षणी दोर सुटला. कुआनचे हातमोजे फाटून तळवा सोलून निघाला. लियेन अलगद खाली आली. तिला खरचटलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या हाताची पट्टी बदलत होती. वरचा दिवा निखळून त्याच्या खांद्यावर पडला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने तिच्या वाटीत मासा वाढला... आणि त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. थांबेना. ती उठून लांब गेली.

रक्त थांबलं.

ती तडक सामानाच्या खोलीत गेली. सिनेमाच्या धंद्यात नामपाटी नवी करतात, कुणाचंच नसलेलं नाव रंगवतात आणि काम संपलं की जाळतात. लियेनने पाटीवर रॉकेलचा बोळा घासला. रंग उतरला. खाली कोरलेली अक्षरं निघाली.

नी शाओथांग. वय एकोणीस.

सामानवाल्या ओउयांगकाकांना तिने धरलं. म्हातारा आधी उडवाउडवी करू लागला. मग म्हणाला की धरणासाठी एक गाव उठवलं, तिथलं पूर्वजांचं देऊळ पाडलं, सामान भंगारात आलं होतं.

"लाकूड झकास होतं गं. कॅमेऱ्यात जुनं दिसतं. एवढं काय त्यात?"

"काका, तुमच्या मुलीला वाकवलं असतं का त्याच्यापुढे?"

म्हातारा दुसरं सामान आवरू लागला. हाच माझा राग आहे. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

लियेन पाटी फडक्यात गुंडाळून एकटीच बसने निघाली. धरणाच्या वर गावकऱ्यांची नवी वस्ती होती. तिथे नी घराण्याची एक म्हातारी भेटली, शाओथांगची भावजय. तिने पाटी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली. सांगितलं की पोरगा लग्नाआधी गेला, आणि सासूबाई मरेपर्यंत त्याच्यासाठी सून शोधत होत्या. देवळात त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवली होती.

लियेन म्हणाली, "आजी, ते सिनेमासाठी होतं. खरं नव्हतं."

"लोकांदेखत वाकलीस ना?" म्हातारीचा आवाज मऊ होता. "त्याला काय ठाऊक बाई सिनेमा. तो गेला तेव्हा इकडे वीजसुद्धा नव्हती."

म्हातारीने कौल लावायच्या दोन लाकडी चंद्रकोरी काढल्या. एक उलटी, एक सुलटी पडली तर हो. दोन्ही उपड्या पडल्या तर नाही. लियेनने पाटीला विचारलं, मला मोकळं करशील?

दोन्ही उपड्या.

पुन्हा. दोन्ही उपड्या.

तिसऱ्यांदा तिने हात जोडून, रडत टाकल्या...

दोन्ही उपड्या.

तिने चंद्रकोरी पुन्हा उचलल्या. मग तिने प्रश्न बदलला. मी कुआनकडे परत गेले नाही, तर त्याला सोडशील?

पहिल्याच फेकीत हो.

तिने कुआनला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हटून बसला असता, आणि मेला असता. त्याने तिला नको नको ते बोलून घेतलं, शब्द मोडणारी म्हणाला. तिने ऐकून घेतलं. आज तो निंगबोला असतो, दोन मुलं आहेत, ठणठणीत आहे.

सिनेमा तुफान चालला. त्या तीन नमस्कारांसाठी हिरॉईनला बक्षीस मिळालं.

लियेन दर वर्षी छिंगमिंगला, पितरांची थडगी झाडायच्या दिवशी, त्या वस्तीवर जाते. म्हातारी आता नाही. पाटी लियेनच सांभाळते. सुरुवातीची वर्षं ती दर खेपेला तोच प्रश्न विचारायची आणि सुजलेल्या डोळ्यांनी परतायची.

गेल्या वर्षी मी सोबत गेले. दुपार होती, लख्ख ऊन. तिने कौल टाकला. हो आलं. आणि लियेन हसली... लाजून, मान खाली घालून.

मला वाटलं, सुटली एकदाची. मी विचारलं, मोकळं केलं का गं त्याने?

"ते कुठे विचारलं," ती पाटीवरची धूळ बाहीने पुसत म्हणाली. "विचारलं, जेवलात का."