सहा ते साडेसहा लिफ्ट बंद

तो तिच्या आयुष्यात आला तो थेट पायाशी. आधी विस्कटलेले केस, मग कपाळ, मग ग्रीस लागलेलं नाक... असं एकेक करत ते डोकं दुसऱ्या मजल्याच्या जमिनीतून वर उगवलं आणि म्हणालं, "जरा तो पाना सरकवता का इकडे?"

ती किंचाळली. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद, म्हणून चारपैकी दोन मजले चढून ती बिचारी जिन्याच्या पायरीवर टेकली होती. उजव्या गुडघ्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी, डोळे मिटलेले, वर छताच्या काचेवर पावसाची रिपरिप. गुडघा बधिर होत होता आणि जग बरं वाटायला लागलं होतं... तेवढ्यात हे! पिशवी उडाली, लिफ्टच्या उघड्या दारातून त्या डोक्यावर आपटून फुटली, आणि खाली खोल कुठंतरी, कितीतरी वेळ, टप टप टप मटार पडत राहिले.

"मी पाना मागितला होता," डोकं म्हणालं. केसांत चार दाणे अडकले होते.

"अहो सॉरी... लागलं का?"

"नाही, उलट थंडगार वाटलं. पण घरी काय सांगणार आता? भाजी कुठं गेली म्हणून?"

"ती भाजी नव्हती. ती—"

इथं ती थांबली. कारण पुढचं वाक्य गुडघ्याचं होतं, आणि त्याच्या पुढचं त्याहून अवघड.

गुडघ्याचं तसं बरं होतं. तो सुजायचा, कुरकुरायचा, एक्स-रेत दिसायचा. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहून 'आता खालची ओळ वाचा' म्हणणाऱ्या बाईचा गुडघा दुखणारच, असं सगळे मान डोलावून म्हणायचे. गुडघ्याला समाजात मान होता. पंचाईत होती ती बाकीच्या अंगाची. खांदे, पाठ, मनगटं, कधी तर केस विंचरले तरी... सात वर्षं सगळं आळीपाळीनं दुखत होतं. त्या दुखण्याचं नाव फायब्रोमायल्जिया. इतकं लांबलचक, की नातेवाईक निम्म्यातच दमायचे आणि 'अशक्तपणा आहे' म्हणून मोकळे व्हायचे. रिपोर्ट सगळे नॉर्मल. दोन वर्षांपूर्वी लग्न अगदी ठरत आलं होतं. त्या गृहस्थानं तिचे रिपोर्ट दोनदा वाचले आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, "मग दुखतं कशाला?" त्यानंतर तो काही फिरकला नाही. तिनंही ठरवून टाकलं, आता कुणाला म्हणून सांगायचं नाही.

"डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलेत," ती फटकन बोलून गेली. "रोज. व्यायाम म्हणून."

"आणि मटार?"

"वजन. हातात वजन घेऊन चढायचं असतं."

"अर्धा किलो?"

"सुरुवात आहे," ती म्हणाली, आणि जमेल तेवढ्या ऐटीत वर निघाली. चांगला पाय आधी, दुखरा मागून. वळणावर पोचेपर्यंत त्याच्याकडे वळून बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पोचायच्या आत दोनदा बघून झालं.

मटार वेचायलाच तीन दिवस गेले. बिल्डिंगचे सेक्रेटरी रोज येऊन खड्ड्यात वाकायचे, "वाटाणे? लिफ्टमध्ये?" असं स्वतःशीच म्हणायचे आणि जायचे. लिफ्ट बंदच आहे असं धरून ती सकाळी जिन्यानंच उतरायची, दुकानातून सहाला यायची, दुसऱ्या मजल्यावर टेकायची. दुसऱ्या दिवशी पायरी फडक्यानं पुसलेली होती. तिसऱ्या दिवशी त्या पायरीवर उशी आली.

"तुम्ही दुकानात डोळे तपासता म्हणालात ना? माझे बघा की," तो म्हणाला.

"काय होतंय?"

"दिवसभर सगळं धूसर असतं. सहा वाजले की स्वच्छ दिसायला लागतं."

"हे नंबरचं नाही."

"मग कशाचं?"

"...वयाचं असेल," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. हसू काही केल्या आवरेना, त्याला ती तरी काय करणार!

पाऊस पडत राहायचा. काचेतून पाणीदार उजेड खाली यायचा आणि तो मळका जिनाही तळ्याच्या तळाशी असल्यासारखा वाटायचा. दुखणं जायचं नाही. पण त्या अर्ध्या तासात ते जरा सरकून बसायचं, दोघांना जागा द्यायचं.

वर घरी पोचल्यावर मात्र सगळी वसुली व्हायची. गुडघ्याला बर्फ, पाठीला गरम पिशवी, मधे ती. आई म्हणायची, "चेहरा असा का लाल झालाय? ताप आहे का?"

"जिना चढले ना."

"रोजचाच जिना आहे. चेहरा नवीन आहे."

दहाव्या दिवशी अंग पेटल्यासारखं झालं होतं. बोटांच्या पेरांपासून पोटऱ्यांपर्यंत एक जागा बरी नव्हती. आज रजा घे, असं आई सकाळी दोनदा म्हणाली. पण रजा घेतली तर सहाला तो जिना कसा लागणार? ती कशीबशी दुसऱ्या मजल्यावर पोचली. तो तिथं होताच.

"आज उशीर झाला. ठीक आहात ना?"

"एकदम मस्त," ती म्हणाली आणि ओठ चावला.

तेवढ्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधून, हवेतून आवाज आला. "अरे, कुणी आहे का? रोज सहाला या लिफ्टला होतं तरी काय!"

सेक्रेटरी. लिफ्टमध्ये. अडकलेले.

तिनं हळूच त्याच्याकडे बघितलं. "लिफ्ट... चालू आहे?"

त्याचे कान लाल झाले. "तशी... गेल्या आठवड्यापासून. फक्त सहा ते साडेसहा बंद ठेवतो."

"का?"

"तुम्हीच म्हणालात ना, डॉक्टरांनी चढायला सांगितलंय! चालू दिसली तर मोह होईल तुम्हाला. म्हटलं, आपल्या हातून एखाद्याच्या तब्येतीचं भलं होतंय..." मग आवाज खाली आला. "आणि लिफ्टनं गेलात तर अठरा सेकंदांत घरी. मी मोजलेत."

तिला हसू आलं, रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यानं शिंक आली.

"मला कुणीही जिने चढायला सांगितलेलं नाही!" ती ओरडली. "माझा गुडघा गेलाय! आणि नुसता गुडघा नाही, सगळंच दुखतं. रोज. आत्ताही. सात वर्षं झाली. दिसत काहीच नाही. रिपोर्टमध्येही नाही. झालं समाधान?"

"माझ्या मेव्हणीचं अगदी असंच होतं," लिफ्टमधून आवाज आला. "तिला कोमट तेलानं—"

"काका, गप्प बसा!" दोघंही एकदम म्हणाले.

वर पाऊस. तो पान्याकडे बघत उभा होता.

"रिपोर्टमध्ये काहीच नाही?" त्यानं विचारलं.

आलं, ती मनात म्हणाली. आता पुढचा प्रश्न. पर्स उचलायला ती खाली वाकली.

"आमच्याकडे असं खूप असतं," तो म्हणाला. "लिफ्ट थांबते म्हणून लोक फोन करतात. जाऊन बघावं तर सगळं ठीक. नवीन होतो तेव्हा मी सांगायचो, तुम्हाला भास झाला असेल. मग एक आजी आठ तास अडकल्या. तेव्हापासून कान पकडले. माणूस खोटं बोलत नसतं हो. दोष असतोच, आपल्याला सापडत नसतो."

तिनं पर्स पुन्हा खाली ठेवली.

"मी तुम्हाला आठवडाभर उगाच चढवलं," तो म्हणाला. डोळे भरले होते. "आणि वर उशी ठेवली. मूर्ख!"

"उशी चांगली होती."

"मी बाहेर कुठं तरी चला म्हणून विचारणार होतो. आज."

"माझं काही ठरवता येत नाही. ऐनवेळी सगळं रद्द होतं."

"मग ठरवायचंच नाही. मी येईन. बरं असेल तर बाहेर जाऊ. नसेल तर तू झोप, मी आईंशी गप्पा मारीन."

'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. सेक्रेटरींच्या मात्र आलं. "अभिनंदन!" आतून आवाज आला. "आता मला काढा."

बाहेर आल्यावर त्यांनी शर्ट नीट केला, लिफ्टकडे एक नजर टाकली आणि उरलेला मजला जिन्यानं चढून गेले.

ती दोघं लिफ्टमध्ये शिरली. दार सरकलं. तिनं त्याच्या खांद्याला अगदी अलगद डोकं टेकवलं, आणि तो काचेचं भांडं धरल्यासारखा उभा राहिला.

"आत्ता कसं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"दुखतंय," ती म्हणाली... इतक्या लाडात, जणू त्याला लग्नाचं विचारतेय.