जमावाची तालीम

रविवारी दुपारी तालीम घ्यायला चंद्रप्रकाशला फार आवडायचं. जेवून सुस्तावलेली माणसं सांगितलं ते निमूट ऐकतात, असा त्याचा अनुभव. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीचा हॉल त्यानं पडदे लावून अंधारा केला होता. आत डांबरगोळ्यांचा आणि दमट गाद्यांचा वास कोंडला होता.

नाटक त्यानंच लिहिलेलं. विहीर आटते, गाव सगळा दोष एका म्हातारीच्या माथी मारतं आणि हळूहळू कुणीच स्वतःच्या डोक्यानं विचार करेनासं होतं. म्हातारीचं काम करत होत्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वनमालाकाकू. गावकरी म्हणजे शेजारीपाजारी. पाठांतराच्या नावानं सगळी बोंब, म्हणून चंद्रप्रकाशनं सोपी युक्ती काढली होती. तो वाक्य म्हणायचा, मागोमाग सगळे म्हणायचे.

“दोष तिचाच.”

“दोष तिचाच…”

थोड्या वेळानं तो पाणी प्यायला थांबला. जमाव थांबला नाही. एका सुरात, एका दमात चालूच. त्याला गंमत वाटली. बघू तरी, कुठवर जातात!

मग वाक्य बदललं.

“गेटाबाहेर काढा… गेटाबाहेर काढा…”

त्याच्या नाटकातल्या गावाला गेटच नव्हतं. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा कुतूहल मोठं होतं. हे आलं कुठून? कोण आधी बोलतंय ते शोधत तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. सगळ्यांचे ओठ एकदमच उघडत होते. तेवढ्यात स्टुलावरच्या काकू उठल्या आणि चपला न घालताच बाहेर गेल्या.

काकूंची शेजारीण रश्मी पुढेच उभी होती. त्यानं तिला गदागदा हलवलं. “बस झालं गं! काकू गेल्या ना!”

“कोण काकू?” सगळेच म्हणाले.

आता मात्र त्याचं धाबं दणाणलं. तो धावत सुटला. रणरणत्या उन्हात काकू रस्त्यावर अनवाणी उभ्या होत्या आणि वॉचमन दादू गेटला कुलूप घालत होता. तालमीकडे तो कधी फिरकलाही नव्हता.

“उघड दादू! इथंच राहतात त्या!”

“नाही साहेब. बाहेर काढायला सांगितलंय.”

“कुणी?”

“सगळ्यांनी.”

“मी नाही सांगितलं!”

दादू गोंधळला. “असं कसं साहेब… पहिला आवाज तुमचाच आला की.”

चंद्रप्रकाशनं गजांतून काकूंकडे पाहिलं. “काकू, तुम्ही तरी सांगा ना… मी तर पाणी पीत होतो…”

“तुझाच होता रे, चंदू,” काकू हळूच म्हणाल्या.

आणि त्याच क्षणी, तेच शब्द, दादूही म्हणाला.