बरडावरची नभाळी

चुकलेली शेळी शोधत गुंजन गावाबाहेरच्या खडकाळ बरडावर आली, तर तिथे एक माणूस पालथा पडलेला. ती धावतच जवळ गेली.

"ओ भाऊ… काय झालं?"

त्यानं मान वळवली. कपाळाला माती, चष्म्यावर पावसाचे थेंब. "काही नाही, फूल बघतोय," म्हणाला आणि हसला. ते हसणं पाहून, आपण याला भाऊ कशाला म्हटलं, अशी तिला चुटपुट लागली.

तो अनिमेष. घर यवतमाळचं, पुसदच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. रस्त्यानं जाताना खडकांमध्ये जांभळी झाक दिसली, म्हणून गाडी लावून आत शिरला होता. गुंजन लहानपणापासून ते फूल पाहत आली होती… एवढंसं, आत मऊ निळी लव. नाव मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं; आई त्याला गवतच म्हणायची. तिनं विचारलं. त्यानं भिंगातून तुरा निरखला, पान उलटून पाहिलं, मग भिंग तिच्या हातात दिलं. बोटांना बोटं लागली.

"नभाळी," तो हळूच म्हणाला.

नाव सापडलं, काम संपलं. दुसरं काही दिसलं तर फोटो पाठवा, असं सांगून नंबर तेवढा देऊन गेला.

मग गुंजनला शेताच्या धुऱ्याधुऱ्यावर, बांधाबांधावर फुलं दिसू लागली. फोटो पाठवला की लगेच उत्तर यायचं… शंखपुष्पी. हरणखुरी. बस, एक शब्द. इतका हुशार माणूस तिला नकोसा झाला. एखाद्या फुलापाशी तरी अडावा, म्हणावं की येऊनच पाहतो! पण तो अडेचना. पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. बरड वाळून पिवळा पडला. रानफुलं संपली, विचारायला काही उरलं नाही. आणि त्यातच बाबारावांनी लेकीला सांगितलं, रविवारी उमरखेडचे पाहुणे तिला पाहायला येतील.

त्या संध्याकाळी ती तुरीत उभी होती. शेवटी तिनं तुरीच्याच पिवळ्या फुलाचा फोटो काढला आणि विचारलं, हे कोणतं फूल? पाठवलं, आणि कान तापले. शेतकऱ्याची पोर तुरीचं फूल विचारते! या वेळी उत्तरही आलं नाही. ताटातली भाकर तशीच राहिली.

सकाळी बरडाला लागून असलेल्या त्यांच्या शेताच्या धुऱ्याशी गाडी थांबली.

"तूर आहे," अनिमेष म्हणाला.

"मले माहीत आहे."

"मग विचारलं काहून?" तिची बोली पहिल्यांदाच त्याच्या तोंडी आली.

ती तुरीच्या शेंड्याशी चाळा करत राहिली. "दुसरं फूलच नव्हतं उरलं… अन् तुमचं तर एका शब्दात काम होते. जसं कोणी टाळून राह्यलं."

"टाळत होतो?" तो म्हणाला. "लगेच उत्तर कसं यायचं, सांगा बरं? दिवसभर मोबाइल हातात असायचा. तुमचा मेसेज येईल म्हणून… वर्गातसुद्धा."

वाऱ्यानं तूर सळसळली. गुंजनला वर पाहवेना, आणि न पाहता राहवेनाही.

"बाबा गोठ्यात आहेत," ती म्हणाली. "आजच बोला. रविवारी पाहुणे येऊन राह्यले."

त्यानं शर्टाची कॉलर नीट केली, घसा खाकरला. चार पावलं गेला आणि वळून पाहिलं. ती ओढणी सावरत त्याच्या बरोबरीला आली, आणि दोघं गोठ्याकडे चालू लागली.