खालच्या पट्टीतलं गाणं

लिफ्टचं दार मिटता मिटता आधी एक गिटार आत घुसली आणि तिच्या मागून तो. केस पिकलेले, हसू मात्र तेच… आगाऊ!

"तू?"

"मीच. म्हातारी झाले, ओळखू येत नसेन."

"छे! म्हातारे आम्ही. तू फक्त… फार उशिरा आलीस."

मी उगाच केस सारखे केले. या वयात! आमचा ब्लूज गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा जुना कंपू इतक्या वर्षांनी एकत्र अल्बम करणार होता. पण तो येणार, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

स्टुडिओत सगळे गळ्यात पडले. माझा जीव मात्र टांगणीला. आमच्या जुन्या गाण्यातली वरच्या सुरातली ओळ आता मला झेपत नव्हती. चारचौघांत आवाज फाटला तर? डोकेदुखीचं निमित्त सांगून सटकावं, म्हणून मी पर्स उचलली.

तेवढ्यात तो गिटारच्या खुंट्या पिळत म्हणाला, "मंडळी, बोटं फार दुखतात हो. तारा सैल केल्यात. गाणं खालच्या पट्टीत घ्यावं लागेल." मग माझ्याकडे बघून, "बाईसाहेब सांभाळून घेतील ना?"

"बघते," मी तोऱ्यात म्हणाले.

आणि गायले! ते भाड्याच्या गाडीतले प्रवास, त्याच्या खांद्यावर लागलेली झोप… सगळं गळ्यातून आपसूक येत गेलं. आमचा माउथ ऑर्गनवाला, ज्याला आम्ही भोंगा म्हणतो, तोसुद्धा चक्क वाजवायचं विसरला.

चहाच्या सुट्टीत भोंग्याने त्याला गिटारवर एक जुनी, वेगवान धून वाजवायला लावली. त्याची बोटं तारांवर नुसती पळत होती.

मी त्याला जिन्यात गाठलं. "खोटारड्या! कुठे दुखतायत बोटं?"

तो ओशाळला. "लिफ्टमध्ये बोललीस ना… आवाज उतरलाय, कळलं. वर गायला लावलं असतं, तर पळाली असतीस. मागच्यासारखी."

"कंपू सोडून निघाले तेव्हा तू अडवशील म्हणून वाट बघत होते मी! तू काय केलंस? माझी बॅग उचलून गाडीत ठेवलीस. अगदी नीट!"

"गाढव होतो."

"होतास?"

या वेळी तो हसला नाही. "प्रेम होतं गं तुझ्यावर. अजून आहे. आता… अडवतोय."

वरून भोंगा पुढच्या गाण्यासाठी हाका मारत होता.

"मारू दे," म्हणत मी पायरीवर बसले आणि त्याला शेजारी ओढलं. "आत्ता काय म्हणालास… ते परत सांग."